टर्बो पेट्रोलच्या प्लगचा गॅप: या चुका टाळा

गाडी आयडलला शांत असते, सिग्नलवरून निघतानाही ठीक असते. पण घाटात तिसऱ्या गिअरला पाय दाबला की २,५०० ते ३,५०० आरपीएमच्या दरम्यान मिसिंग करते, म्हणजे ठिणगी चुकून झटके देते. टर्बो पेट्रोलमध्ये असं झालं तर आधी स्पार्क प्लग काढून त्याचा गॅप, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधली ठिणगीची फट, मोजा. बहुतेक जण कॉइल (प्लगला व्होल्टेज पुरवणारी), इंजेक्टर, पंप असं सगळं पालथं घालतात आणि प्लगकडे सर्वांत शेवटी वळतात.

फट जितकी रुंद आणि तिथल्या हवेचा दाब जितका जास्त, तितकं ठिणगीला व्होल्टेज जास्त लागतं. टर्बो नेमका हा दाबच वाढवतो, आणि कॉइलची ताकद तर ठरलेली. मागणी तिच्या पलीकडे गेली की ठिणगी पडतच नाही, किंवा प्लगच्या चिनीमातीच्या बाहेरून इंजिनच्या हेडवर उडी मारते. आयडलला दाब कमी असल्याने काहीच कळत नाही. टॉर्क सर्वाधिक असतो तेव्हा सिलिंडर सर्वांत जास्त भरलेला असतो, म्हणून झटके तिथेच बसतात.

‘पॅकमधून काढा आणि लावा’

ही सर्वांत महागात पडणारी चूक. बिनटर्बोच्या इंजिनांत १.० ते १.१ मिमी गॅप सर्रास चालतो. टर्बोत तो साधारण ०.७ ते ०.८ मिमी असतो, आणि रीमॅप करून (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून) बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवला असेल तर ०.६ ते ०.६५ पर्यंत खाली आणावा लागतो. कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडा आधी बघा, मग रीमॅप करणाऱ्या ट्यूनरला विचारा.

रीमॅप केलेल्या गाडीत १.१ मिमी गॅपचे इरिडियम प्लग तसेच बसवले की पुढचा प्रवास ठरलेला असतो. शहरात गाडी छान पळते. हायवेवर पूर्ण बूस्टला मिसफायर होतो, स्कॅनरवर पी०३०२ (दोन नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर) हा कोड येतो. दोन नंबरची कॉइल बदलली जाते, तर कोड तिसऱ्या सिलिंडरवर जातो. मग चारही कॉइल नव्या येतात. त्या जोमदार असल्याने काही दिवस बरे जातात आणि दुखणं परत येतं. तोवर इंजिनचा दिवा लुकलुकत असतानाही गाडी दामटलेली असते. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि खराब होतो. शेवटी गॅप ०.७ वर आणला की गाडी सुरळीत. चार प्लग मोजायला दहा मिनिटं लागतात. ती वाचवून हे सगळं ओढवून घेतलं जातं.

कॉइल विकत घेण्याआधी ती शेजारच्या सिलिंडरवर टाका, कोड पुसा, त्याच चढावर गाडी न्या. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल दोषी. जागचा हलला नाही तर प्लग काढा. आणि दिवा लुकलुकला की ॲक्सिलरेटर तिथल्या तिथे सोडा.

नाण्यासारख्या गेजने गॅप करणं

ही गोल, उतरत्या कडेची चकती इरिडियम प्लगजवळ आणूच नका. मधला इलेक्ट्रोड जेमतेम ०.४ ते ०.६ मिमी जाड आणि ठिसूळ असतो. चकती फटीत रेटली की त्याचा टोकाचा तुकडा उडतो किंवा आतली चिनीमाती तडकते, आणि तडा बाहेरून दिसतही नाही. मोजायला तारेचं गेज घ्या. वाकवायचा तो फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड, तोही गॅप टूलने, थोडा थोडा. मधल्या टोकाचा आधार घेऊन काहीही उचकटू नका. हात घाईत असेल तर हे काम उद्यावर टाका.

बाकीच्या चुका थोडक्यात:

गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढला तर आटे जातात. इंजिन गार होऊ द्या आणि खोलण्याआधी प्लगच्या खड्ड्यात हवा मारा.

वॉशरवाल्या १४ मिमी प्लगला २५ ते ३०, १२ मिमीला १५ ते २० न्यूटन-मीटर पुरे. टॉर्क रेंच नसेल तर हाताने टेकल्यावर नवा प्लग अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा फिरवा.

मुलामा दिलेल्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावू नका. तेवढ्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो.

खाली पडलेला प्लग टाकून द्या.

हीट रेंज (प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचा आकडा) आंधळेपणाने बदलू नका. एनजीके आणि डेन्सोत मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशमध्ये नेमकं उलट.

‘कमी गॅप म्हणजे सुरक्षित’ म्हणून ०.४ वर जाऊ नका. ठिणगी तोकडी पडते, आयडल खरखरीत होतं, थंडीत स्टार्ट लांबतो.

वापराने इलेक्ट्रोड झिजतो आणि गॅप आपोआप वाढतो. रीमॅपवाल्यांनी दर १०,००० किमीला गेज लावावं, असं माझं ठाम मत आहे.

काढलेल्या प्लगच्या चिनीमातीवर, धातूच्या कडेलगत तपकिरी वलय दिसलं तर घाबरू नका; तो कोरोनाचा, म्हणजे जास्त व्होल्टेजमुळे हवेत होणाऱ्या विद्युत-स्रावाचा, निरुपद्रवी डाग आहे. मात्र वरून खाली जाणारी बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगी बाहेरून उडते आहे. तेव्हा प्लगबरोबर कॉइलचं रबरी बूटही बदला, नाहीतर नवा प्लगही त्याच वाटेने जाईल.