तारापूरच्या आसपास रेडिएशन मोजायचंय? आधी रोजचा आकडा लिहून ठेवा

गायगर काउंटर, म्हणजे रेडिएशन मोजायचं मशीन, हातात आला की प्रत्येकाला पहिल्यांदा तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राच्या भिंतीपाशी जाऊन मोजावंसं वाटतं. तसं अजिबात करू नका. एकतर तो संरक्षित भाग आहे, तिथे फोटो, ड्रोन, भिंतीलगत मशीन घेऊन फिरणं यातून नसती भानगड होईल आणि गावातल्या बाकीच्यांचंही काम अडेल. दुसरं म्हणजे तिथला एका दिवसाचा आकडा घेऊन काहीच कळत नाही. आपल्याला बघायचंय आपल्या अंगणातला, शाळेच्या मैदानातला, जेट्टीवरचा रोजचा आकडा किती असतो ते. हा आकडा वर्षभर लिहिलेला असेल तरच उद्या काही वेगळं घडलं तर ते वेगळं आहे हे ओळखता येईल.

मी हे तारापूरच्या भागातल्या लोकांसाठी लिहितोय, चिंचणी, दांडी, उनभाट, घिवली, उच्छेळी, बोईसर. केंद्राची पहिली दोन युनिट (अणुभट्ट्या) १९६९ ला सुरू झाली, ३ आणि ४ नंतर २००५-०६ च्या सुमारास, त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. म्हणजे दोन-तीन पिढ्या या केंद्राशेजारी जगल्यात आणि तरी आपल्या घराजवळचा आकडा किती असं विचारलं तर कोणालाच सांगता येत नाही. केंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षण लॅब आहे, बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) देशभर मोजणीचं नेटवर्क आहे, ते मोजतात, चांगलंच आहे. पण आपल्याकडे आपली वही असली की प्रश्न नीट विचारता येतो.

आता मशीन. शक्यतो पॅनकेक ट्यूबवालं घ्या, ती चपटी गोल ट्यूब असते आणि लवकर मोजते. २०११ ला जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर आठवड्याभरातच सेफकास्ट नावाचा ग्रुप उभा राहिला, त्यांचं बीगायगी नॅनो हे किट स्वतः सोल्डरिंग करून जोडायचं असतं, त्यात जीपीएस असतो आणि दर ५ सेकंदाला रीडिंग कार्डवर सेव्ह होतं. लोकांनी ते गाडीच्या काचेबाहेर लावून रस्तेच्या रस्ते मोजले आणि सगळा डेटा कोणालाही वापरता येईल असा खुला ठेवला. एवढं महाग नको असेल तर साधी छोटी ट्यूबवाली मशीनं काही हजारांत मिळतात, चालतील, फक्त गावात निदान दोन मशीनं एकाच मॉडेलची असू द्या. वेगवेगळ्या मॉडेलचे आकडे एकमेकांशी ताडून बघायला गेलात तर भांडणंच होतील.

मशीन ठीक चालतंय का हे बघायला घरातली जुनी गॅसबत्ती काढा. पेट्रोमॅक्सच्या जुन्या मँटलमध्ये (जाळीच्या पिशवीत) थोरियम हा किरणोत्सारी धातू असायचा, न वापरलेलं मँटल पाकिटासकट झिपलॉक पिशवीत बंद करून ठेवा आणि दर रविवारी तेवढ्याच अंतरावरून, म्हणजे एक पट्टी आखून ठेवा, मशीन धरा. दर आठवड्याला साधारण तोच आकडा आला पाहिजे. पिशवी फोडू नका, जळलेलं मँटल तर वापरूच नका, त्याचा भुगा नाकात जातो. पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

मोजायची पद्धत सोपी आहे पण ती दरवेळी तीच पाहिजे, यातच सगळे चुकतात. मशीन जमिनीपासून १ मीटर उंचीवर, बांबूला खूण करून घ्या म्हणजे दरवेळी टेप काढायला नको. १० मिनिटं हलवायचं नाही. मशीनच्या एका मिनिटात २० टिकटिक आल्या आणि पुढच्या मिनिटात २७ तर लोक घाबरतात, पण ते तसंच असतं, रेडिएशन हे ठोके मोजल्यासारखं एकसारखं येत नाही. १० मिनिटांत २०० मोजले तर त्यात १४ इकडे-तिकडे होणं अगदी नॉर्मल (२०० चं वर्गमूळ काढा, तेवढा फरक नेहमीचाच, कधीकधी त्याच्या दुप्पटही पडतो). म्हणून वहीत मिनिटाचा नाही, १० मिनिटांचा एकूण आकडा लिहा. सोबत तारीख, वेळ, जागा, खाली माती आहे की डांबर की वाळू, गेल्या २४ तासांत पाऊस झाला का, वारा कुठून, मशीन कुठलं, मोजलं कोणी. वारा लिहाच, कारण आपल्याकडे दुपारी वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो आणि रात्री उलटा जातो, केंद्र किनाऱ्यावर असल्यामुळे दुपारचं आणि पहाटेचं रीडिंग वेगवेगळी गोष्ट सांगू शकतं.

जागा ८-१० निवडा, जास्त नको, निभत नाही. त्यातल्या अर्ध्या जागा केंद्राजवळच्या गावांत, एक-दोन लांब, पालघर किंवा डहाणूकडे कोणी पाहुणे असतील तर त्यांच्या अंगणात, तुलनेला तेच कामी येतात. ग्रॅनाइटच्या ओट्याजवळ, टाइल्सच्या भिंतीजवळ नको, ग्रॅनाइटमध्ये नैसर्गिकच युरेनियम-थोरियम जास्त असतं. आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, त्यात कमी असतं, त्यामुळे आपल्याकडचा मूळ आकडा तसा कमीच येतो.

आता पावसाचं सांगतो, कारण यावरून मी स्वतः एकदा मोठी चूक केली. जुलैमध्ये चार दिवस उघडीप होती, मग दुपारी एक जोरदार सर आली, मी ओसरीतून बाहेर जाऊन मशीन धरलं तर नेहमीच्यापेक्षा जवळजवळ दीडपट. हात थरथरत होते. स्क्रीनचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला आणि पुढच्या दहा मिनिटांत लोकांचे फोन सुरू झाले, एक बाई तर लेकरांना घेऊन माहेरी निघाली होती. संध्याकाळी परत मोजलं तर आकडा जिथल्या तिथे. झालं काय होतं, तर हवेत कायम थोडा रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू असतो, जमिनीतून येतो, त्याच्यापासून तयार झालेले कण पावसाबरोबर खाली येतात, त्यातलं शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ अर्ध्या तासाच्या आत अर्धं होतं, म्हणून दोन-तीन तासांत सगळं शांत. हे तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर सरीनंतर लगेच गाडीचं बोनेट टिश्यू पेपरने पुसा आणि तो पेपर मशीनखाली धरून दर दहा मिनिटांनी लिहा, आकडा उतरताना दिसेल. प्रत्येक नवीन माणसाला मी पहिल्यांदा हेच करायला लावतो. केंद्रातून काही येऊन जमिनीवर बसलं असतं तर ते इतक्या लवकर उतरलं नसतं, आयोडीन-१३१ अर्धं व्हायला ८ दिवस लागतात आणि सिझियम-१३७ ला ३० वर्षं.

अजून दोन फसवणाऱ्या गोष्टी. हॉस्पिटलमध्ये हाडांचा स्कॅन किंवा थायरॉइडची आयोडीन ट्रीटमेंट घेतलेला माणूस शेजारी उभा असेल तर मशीन ओरडतं, त्याला लाजवू नका, बाजूला जाऊन मोजा. आणि बोईसर एमआयडीसीसारख्या भागात वेल्डिंग तपासायला किरणोत्सारी इरिडियमचा सोर्स वापरतात, ते काम चालू असेल तर आकडा एकदम चढतो आणि एकदम पडतो. तशा ठिकाणी दोरी आणि बोर्ड दिसला तर लांबच राहा.

हिशोबात सगळ्यात जास्त गोंधळ हा होतो. मशीन दाखवतं ०.१२ मायक्रोसिव्हर्ट प्रति तास (सिव्हर्ट म्हणजे अंगाला मिळणाऱ्या रेडिएशनचं माप, १,००० मायक्रो म्हणजे १ मिली), कोणीतरी त्याला वर्षाच्या ८,७६० तासांनी गुणतो, १ मिलिसिव्हर्टच्या वर जातं, आणि सामान्य माणसाची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे म्हणून बोंब उठते. ती मर्यादा नैसर्गिक सोडून वरच्या रेडिएशनची आहे. जगात सरासरी माणसाला निसर्गातूनच वर्षाला साधारण २.४ ते ३ मिलिसिव्हर्ट मिळतं. म्हणून परत तेच, आपला मूळ आकडा माहीत असल्याशिवाय वजाबाकी कशातून करणार?

मासे मोजायला सांगणारे पण भरपूर भेटतील, माझी मावशी स्वतः बोंबील घेऊन आली होती. तिला मी खरं तेच सांगितलं की मावशी, या मशीनने मासळीतलं काही कळत नाही. पाण्यातलं ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, तर अजिबातच नाही, त्याचे कण इतके दुबळे असतात की ट्यूबच्या आत पोचतच नाहीत, आणि ३ व ४ नंबरची युनिट जड पाण्यावर चालतात, त्यात ट्रिटियम तयार होतं, त्यामुळे ट्रिटियम हा आपल्याकडचा खरा प्रश्न आहे. त्याला लॅबच पाहिजे. जपानमध्ये इवाकी शहरात आयांनी मिळून ताराचिने नावाची लॅब काढली, अन्न, माती, समुद्राचं पाणी सगळं तपासतात. आपल्याला तेवढं लगेच जमणार नाही, पण ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर केंद्राकडे मासळी आणि पाण्याच्या तपासणीचे वर्षवार आकडे मागणं आजही करता येईल. तोंडी मागू नका, पोच घ्या.

आकडा खरंच चढला तर ग्रुपवर टाकायच्या आधी त्याच जागी परत १० मिनिटं, मग दुसऱ्या मशीनने, मग दुसऱ्या जागेवरच्या माणसाला फोन. पाऊस नाही, दोन्ही मशीनं तेच सांगतायत, दोन-तीन गावांत दुप्पट-तिप्पट, आणि उतरत नाहीये, असं असेल तर १०७७ वर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला फोन करा, जागा-वेळ-आकडा एवढंच सांगा. सूचना येईपर्यंत घरात, खिडक्या बंद, विहीर झाकून ठेवा. आयोडीनच्या गोळ्या कोणी सांगितल्याशिवाय घेऊ नका.

आणि राजापूरकडचं कोणी वाचत असेल, माडबन, मिठगवाणे, निवेली, करेलचं, तर तुम्ही आमच्यापेक्षा नशीबवान आहात. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाची अणुभट्टी अजून उभी नाही. प्रकल्पाला तुमचा विरोध असो की पाठिंबा, आत्ताच एक मशीन घ्या आणि एक पावसाळा, एक उन्हाळा मोजून ठेवा, सड्यावर, खाडीकाठी, शाळेत. आमच्याकडे १९६९ च्या आधीची अशी वही कोणी लिहिली नाही, आणि ती आता कुठूनच आणता येणार नाही.