कोणती कविता?

दहावीच्या सराव परीक्षेत मी एका कवितेचं दीड पान रसग्रहण लिहिलं होतं. 'कवीने निसर्गाचे मनोहारी चित्र रेखाटले आहे', 'भाषा साधी, सोपी व ओघवती आहे', सगळं गाईडमधून घोकलेलं. उत्तरपत्रिका हातात आली तेव्हा समासात बाईंनी लाल शाईत दोनच शब्द लिहिले होते : 'कोणती कविता?' आधी रागच आला. मग तेच दीड पान मी पुस्तकातल्या दुसऱ्या कवितेशेजारी धरून वाचलं, तर तिथेही अगदी चपखल बसलं.

तेव्हापासून माझी चाळणी एकच. लिहिलेलं वाक्य दुसऱ्या कवितेला जसंच्या तसं चालत असेल, तर ते खोडायचं. (रोग जुनाच आहे म्हणा. केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावं न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांचे अभिप्राय १९२९ साली छापले. समोरचे शब्द सोडून ठरावीक भावना लिहिणारे त्यांनाही ढिगाने भेटले.)

कविता हातात आली की आधी ती मोठ्याने वाचा. ओळ संपते तिथे थांबू नका, वाक्य संपतं तिथे थांबा. मग अन्वय लावा : क्रियापद कुठलं, कर्ता कोण, कुठलं विशेषण कुणाचं. कंटाळवाणं काम आहे, पण 'कविता कळत नाही' ही तक्रार निम्मी इथेच मिटते.

आता खरी गंमत. समजा, ओळी अशा आहेत :

उंबऱ्याशी थबकले ऊन,
आले आत चप्पल काढून.

'चेतनगुणोक्ती अलंकार, कारण उन्हाला मानवी गुण दिला' एवढं लिहून बहुतेक जण पुढे सरकतात. पण 'थांबले' का नाही, 'थबकले' का? थांबणं ठरवून असतं, थबकण्यात संकोच आहे. म्हणजे हे ऊन पाहुण्यासारखं आहे, हक्काने घुसणारं नाही. चप्पल काढली म्हणजे पावलांचा आवाज गेला, तेव्हा ऊन कोवळं, हळुवार असणार. 'कोवळे' हा शब्द मात्र ओळीत कुठेच नाही. आणि 'ऊन–काढून' हे यमक त्या बाहेरच्या उन्हाला घरातल्या साध्या कृतीशी बांधतं. बघा, दोन ओळींवर पाच वाक्यं झाली आणि त्यातलं एकही दुसऱ्या कवितेला लावता येणार नाही.

अलंकार ओळखायला 'जणू', 'भासे', 'सारखा' हे शब्द मदत करतात, पण त्यांच्यावर विसंबू नका. रूपकात असा शब्द नसतोच. वृत्ताचं भ्यायचं कारण नाही, अक्षरं मोजा. प्रत्येक चरणात बारा आणि लघु-गुरू-गुरू असा तीन अक्षरांचा गण चार वेळा आला, तर भुजंगप्रयात. आणि कवितेतला 'मी' म्हणजे कवीच, असं धरून चालू नका. 'कवितेतला मी' असंच लिहा.

उजळणीत माझी मोठी चूक म्हणजे पुन्हा पुन्हा वाचणं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून येतं असं वाटतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर हेच तपासलं : पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे. म्हणून पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर कविता जेवढी आठवते तेवढी उतरवा, गाळलेल्या जागी रेघ मारा. मग पुस्तक उघडून फक्त त्या रेघा भरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग चार दिवसांनी. मला तर दर वेळी विशेषणंच दगा द्यायची, आणि प्रश्न नेमका त्यांच्यावरच यायचा.

पेपरात अख्खं कडवं उतरवू नका, दोन-तीन शब्दांचं अवतरण पुरतं. ओळ नेमकी आठवत नसेल तर अवतरणचिन्हं न घालता तिचा आशय आपल्या शब्दांत लिहा. मी एकदा चिन्हं घालून स्वतःचीच ओळ कवीच्या नावावर खपवली होती. बाईंनी तिच्याखाली लिहिलं : 'ओळ बरी आहे. पण कोणाची?'