कार्बन-14 साठी सॅम्पल पाठवताय? आधी या चुका टाळा

कार्बन-14 म्हणजे पान, बी, शिंपला अशा एकेकाळी जिवंत असलेल्या गोष्टीचं वय काढायची चाचणी: जितका कार्बन-14 कमी उरलेला, तितकी ती जुनी. सगळ्यात आधी ओलावा. गोव्यातल्या चोडणच्या खाजनातून, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीतून, आम्ही गाळाचा कोअर (थरांसकट काढलेला उभा नळकांडीसारखा नमुना) काढला होता, काळा चिकट चिखल, त्यात खारफुटीच्या पानांचे अख्खे तुकडे, यापेक्षा चांगलं मटेरियल मिळत नाही. झिप पाऊचमध्ये भरलं नि कपाटात ठेवलं, नंतर बघू म्हणून. मध्ये पावसाळा गेला. गोव्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरा येतो, तिथे ओलं पान कसं सुटणार? ऑक्टोबरात उघडलं तर पानांवर पांढरे तंतू, ते पुसून तसंच पाठवलं आणि रिझल्टमध्ये खालच्या थरातलं पान वरच्यापेक्षा तरुण! बुरशी हवेतला ताजा कार्बन आत घेते, तो पुसून जात नाही. ज्यात कार्बन-14 अजिबात उरलेला नाही अशा सॅम्पलमध्ये आजचा 1% कार्बन मिसळला तरी वय 37,000 वर्षं येतं, एवढं हे नाजूक काम आहे.

तेव्हापासून माझा नियम, कोअर काढला त्याच संध्याकाळी पान चिमट्याने उचलून, फॉइलवर ठेवून 50 अंशाला सुकवायचं आणि काचेच्या कुपीत टाकायचं, कितीही दमायला झालं तरी. कापूस, टिश्यू, पेपर जवळ आणू नका, तोही कार्बनच.

दुसरं, शिंपले. तिसऱ्या, खुबे सहज सापडतात म्हणून नवखी मुलं तेच उचलतात. अरे पण समुद्राच्या पाण्यातला कार्बन स्वतःच म्हातारा असतो, त्या पाण्यात वाढलेला शिंपला त्याच काळच्या झाडापेक्षा साधारण 400 वर्षं जुना दिसतो. मांडवी नदीत तर पावसात गोडं पाणी, उन्हाळ्यात खारं, मग एकच आकडा वजा करून मोकळं होणं मला पटतच नाही. त्याच थरातलं एखादं पान किंवा बी शोधा, दोन तास जास्त जातील, जाऊ देत.

बारीक मुळं मायक्रोस्कोपखाली वेचून फेकून द्या, वरच्या झाडाची मुळं जुन्या थरात शिरतात.

खाजनाच्या बांधातली माती म्हणजे बांधाचं वय नव्हे, ती शेजारूनच खणून टाकलेली असते.

सड्यावरचा जांभा कार्बन-14 ला देऊ नका, तो दगड, पैसे वाया.

आणि रिपोर्टमधलं 'बीपी' म्हणजे 1950 च्या आधी, आजच्या आधी नाही. तो आकडा कॅलिब्रेट न करता, म्हणजे खरी वर्षं दाखवणाऱ्या आलेखाशी (कर्व्हशी) जुळवून न घेता, इसवी सनात बदलू नका, आणि लिहिताना लॅबचा मूळ आकडा नि लॅब नंबर (लॅबने सॅम्पलला दिलेला क्रमांक) दोन्ही द्या, म्हणजे पुढे नवीन कर्व्ह आला की कुणालाही परत कॅलिब्रेट करता येतं.