पालीच्या नोंदीपासून छापील पेपरपर्यंत: प्राणिशास्त्राचं संशोधन जर्नलमध्ये कसं छापून आणावं

कॉलेजात शिकवायला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी मी एका जर्नलला टिपण पाठवलं होतं. कवड्या साप घराच्या वळचणीला पाल गिळताना सापडला होता आणि फोटो असे झकास आले होते की मला राहवेना. चार दिवसांत संपादकांचं दोन ओळींचं उत्तर आलं. कवड्या मुख्यतः पालीच खातो, मग यात नवीन काय? आणि पाल कुठल्या जातीची? दुसऱ्या प्रश्नाला तर माझ्याकडे उत्तरच नव्हतं. सगळे फोटो सापाचे, पालीची फक्त शेपटी बाहेर.

आता विद्यार्थी पेपरचं विचारायला आले की मी हेच दोन प्रश्न आधी पुढे ठेवते. जे पाहिलं ते आधी कुणी लिहिलंय का? आणि तुमच्यावर विश्वास न ठेवता दुसऱ्या कुणाला ते पडताळून बघता येईल का?

आधी वाचा, मग धावा

पहिल्या प्रश्नाला गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या शोधनिबंध शोधायच्या पानावर, तासभर पुरत नाही. आपल्याकडच्या प्राण्यांबद्दलचं बरंच लेखन शंभर वर्षांपूर्वीच्या अंकांत दडलेलं आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं (बीएनएचएस) जर्नल १८८६ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. प्राण्याची जुनी शास्त्रीय नावंही टाकून शोधा, कारण नावं बदलतात. आपल्या भिंतीवरची ‘ब्रूकी’ म्हणून ओळखली जाणारी पाल घ्या. ती एक जात नसून जवळजवळच्या जातींचा गोतावळा आहे, हे आता मान्य झालंय. त्यामुळे जुन्या नोंदीतली ‘ब्रूकी’ म्हणजे नेमकी कोण, हे ठरवण्यातच आठवडा जातो.

एखादी जात नव्या ठिकाणी सापडली असेल तर आधीचं सर्वांत जवळचं ठिकाण किती किलोमीटरवर आहे ते काढा. वीस किलोमीटरवर असेल तर बहुधा पेपर होत नाही. मधे मोठी नदी किंवा घाट असेल तर मात्र होऊही शकतो.

परवानगी, तीही आधी

प्राणी पकडायचा, मारायचा किंवा नमुना ठेवायचा असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आडवा येतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची परिशिष्टं, म्हणजे कोणत्या प्राण्याला किती संरक्षण ते सांगणाऱ्या याद्या, पार बदलली आहेत, तेव्हा जुन्या पुस्तकातला तक्ता पाहू नका. महाराष्ट्रात अर्ज नागपूरला, प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्या कार्यालयाकडे जातो. वेळ लागतो. पावसाळ्यात काम करायचं असेल तर दिवाळीतच अर्ज टाका. रस्त्यावर मेलेला साप उचलून बरणीत ठेवला तरी कागद लागतोच, आणि परवानगीचा क्रमांक पेपरमध्ये छापावा लागतो. काम झाल्यावर मागच्या तारखेची परवानगी मिळवून देणारे महाभाग असतात. त्यांच्या नादी लागू नका.

बरणीतला पुरावा

इथे थोडं रेंगाळते, कारण सर्वांत जास्त पेपर इथेच मरतात.

पालीचंच उदाहरण घेऊ. डीएनए तपासायचा असेल तर ऊतीचा बारीक तुकडा आधी काढून ९५ टक्क्यांच्या वर तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये ठेवायचा. त्यानंतर नमुना फॉर्मॅलिनमध्ये घट्ट करून ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवायचा. क्रम उलटला की फॉर्मॅलिन डीएनएचा भुगा करतं आणि पुढे प्रयोगशाळेत कितीही पैसे ओतले तरी हाती फारसं लागत नाही. लेबल पेन्सिलने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि सहा महिन्यांनी बरणीत एक अनाथ पाल आणि एक कोरा कागद उरतो. आमच्या विभागाच्या कपाटात अशा अकरा बरण्या आहेत. कुणी आणल्या, कुठून, देव जाणे.

मोजमाप घ्यायचं ते नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत, कारण पालीची शेपटी तुटते आणि पुन्हा येते, ती लांबी भरवशाची नाही. डिजिटल कॅलिपरने, मिलिमीटरमध्ये, सगळे नमुने एकाच माणसाने मोजावेत. बोटांखालच्या पट्ट्या भिंगाखाली मोजा आणि उजव्या पायाच्या की डाव्या ते लिहून ठेवा. नराच्या मांडीखाली छिद्रांची रांग असते, तिचा जवळून फोटो घ्या. फोटो पाठीचा, पोटाचा, डोक्याच्या बाजूचा आणि पंजाचा असे चारही हवेत. देखणा फोटो मुखपृष्ठावर जातो, ओळख पटते ती पंजावरून.

शेवटी नमुना संग्रहालयात द्या आणि नोंदणी क्रमांक घ्या. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, मुंबईत बीएनएचएसचा संग्रह आहे. नवी जात असेल तर हा ऐच्छिक मामला नाही. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या जातीची माहिती आणि नमुना अधिकृत भांडाराला द्यावा लागतो. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार २००० सालापासून नव्या जातीचा मुख्य नमुना, म्हणजे होलोटाइप, ठरवून सांगणं आणि तो कोणत्या संग्रहात आहे ते लिहिणं बंधनकारक आहे. जर्नल फक्त ऑनलाइन निघत असेल तर झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदही करावी लागते, नाहीतर नाव वैध धरलं जात नाही.

हा खटाटोप कशाला, असं वाटत असेल तर आंबोलीचा हिरण्यकेशी मासा आठवा. शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव २०२० मध्ये रीतसर प्रसिद्ध झालं आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ती जागा जैविक वारसास्थळ म्हणून जाहीर केली. सरकारी कागदावर बिननावाच्या माशाला जागा मिळत नाही. उलट उदाहरणही आहे. इंडोनेशियातल्या रोटी बेटावरच्या लांब मानेच्या कासवाला १९९४ मध्ये नाव मिळालं आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी ते बेटावरून जवळपास संपवलं. तेव्हा विकला जाणारा प्राणी असेल तर नेमके अक्षांश-रेखांश छापू नका. संग्रहालयाला द्या, पेपरमध्ये तालुक्यापर्यंतच थांबा.

जर्नल कोणतं

लिहायच्या आधी जर्नल ठरवा, कारण लांबी, शीर्षकं, संदर्भांची पद्धत सगळं त्यावर अवलंबून असतं. नव्या जातींसाठी न्यूझीलंडहून निघणारं झूटॅक्सा (२००१ पासून) नावाजलेलं आहे. झूकीज कुणालाही फुकट वाचता येतं पण लेखकाकडून फी घेतं. कोइमतूरहून निघणारं जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा लेखकाकडून पैसे घेत नाही, वाचकाकडूनही नाही. पक्ष्यांच्या छोट्या नोंदींसाठी इंडियन बर्ड्स आहे. पहिल्यांदाच लिहिणाऱ्याने दोन पानांच्या नोंदीपासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे.

बनावट जर्नलांचं काय करायचं? ‘तीन दिवसांत पेपर, दोन हजार रुपये’ असा व्हॉट्सॲप आला की समजून जा. तीन दिवसांत कुणी पालीचे पंजे तपासत नाही. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे आता डोकं आपलंच वापरायचं. संपादक मंडळातल्या दोघांना मेल करून विचारा की ते खरंच मंडळावर आहेत का. आणि इम्पॅक्ट फॅक्टरच्या, म्हणजे जर्नलमधल्या लेखांचे सरासरी किती संदर्भ दिले जातात त्या आकड्याच्या, मागे वेड्यासारखं लागू नका. २०२० मध्ये झूटॅक्साचंच नाव इम्पॅक्ट फॅक्टर मिळणाऱ्या जर्नलांच्या यादीतून काढलं होतं, स्वतःच्याच लेखांचे संदर्भ जास्त म्हणून. जगभरच्या वर्गीकरणतज्ज्ञांनी ओरड केल्यावर ते परत घेतलं.

लिहिणं

पद्धत आणि निरीक्षणं आधी लिहा, प्रस्तावना शेवटी. मी पद्धतीचा भाग आधी मराठीतच लिहून काढते. ‘सकाळी साडेसहाला, पाऊस थांबल्यावर, कौलाखाली’ हे मराठीत बरोब्बर उतरतं आणि इंग्रजी करताना काय राहिलं ते लगेच दिसतं. ‘भारतात प्रथमच’ हे शब्द शीर्षकात घालण्याआधी तिघांना दाखवा. लेखकांच्या यादीत काम केलेल्यांचीच नावं हवीत. विभागप्रमुखांचे आभार मानायला शेवटी आभाराचा परिच्छेद असतोच.

पाठवल्यावर

एका वेळी एकाच जर्नलला पाठवा. संपादकाला पसंत पडलं तर पेपर दोन-तीन रिव्ह्यूअरकडे, म्हणजे तो तपासणाऱ्या त्याच विषयातल्या जाणकारांकडे, जातो. काही आठवडे लागतात, कधी कित्येक महिने. मग मेल येतो आणि त्यात बहुधा ‘मोठी दुरुस्ती’ असं लिहिलेलं असतं. हा नकार नाही, हे माझ्या पहिल्या विद्यार्थिनीला पटवताना नाकीनऊ आले. बिचारी रडून मोकळी झाली होती.

मेल वाचून दोन दिवस काही लिहू नका. मग प्रत्येक सूचना नव्या फाइलमध्ये जशीच्या तशी उतरवा आणि तिच्याखाली उत्तर द्या. त्या विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रातला एक तुकडा असा होता: ‘रिव्ह्यूअर २, सूचना ४: हा नर आहे हे कशावरून? उत्तर: मान्य, हे लिहायचं राहिलं होतं. मांडीखालच्या छिद्रांवरून लिंग ठरवलं. ओळ ११२ ते ११४ मध्ये वाक्य घातलं, चित्र ३-ब जोडलं.’ यात ना लाडीगोडी, ना वाद. रिव्ह्यूअर चुकलाय असं वाटलं तर आकडा किंवा संदर्भ दाखवून तसं म्हणा, चालतं. फक्त कुठलीही सूचना गाळू नका, संपादक मोजतात.

नकार आलाच तर त्यातल्या सूचना वापरून पेपर दुरुस्त करा आणि दुसरीकडे पाठवा. तसाच पाठवलात तर पुन्हा त्याच रिव्ह्यूअरच्या टेबलावर जाण्याची शक्यता असते. आपल्या क्षेत्रात पालींची माणसं मोजकीच.

स्वीकारल्यानंतर प्रूफ, म्हणजे छपाईआधीची प्रत, येतं आणि तपासायला दोन-तीन दिवस मिळतात. नमुन्याचा क्रमांक, लेखकांची नावं आणि अक्षांश-रेखांश बोट ठेवून वाचा. आंबोलीचे आकडे उलटे छापले गेले तर तुमची पाल नॉर्वेच्या उत्तरेला थंडगार समुद्रात सापडल्याचं छापून येईल. पीडीएफ वनखात्याला पाठवा, परवानगीच्या पत्रात ती अट बहुधा असते. आणि ज्यांच्या गोठ्यात पाल सापडली त्या काकांना एक छापील प्रत नेऊन द्या. आमच्या काकांनी ती गणपतीच्या फोटोशेजारी लावली आहे, आणि त्या गोठ्यातली दुसरी पाल त्यांनीच फोन करून दाखवली.