ज्येष्ठांच्या गरजांची पाहणी करताना या चुका टाळा

"मला काही नको हो, सगळं छान चाललंय." ज्येष्ठांच्या पाहणीला निघालेल्या कार्यकर्त्याला हे वाक्य पहिल्याच दिवशी दहादा ऐकू येतं. फॉर्मवर 'गरज नाही' अशी खूण होते आणि पाहणी तिथेच फसते.

दोष बहुतेक वेळा प्रश्नाचा असतो. 'तुम्हाला कशाची गरज आहे?' हे समोरच्याला 'तुम्ही परावलंबी झालात का?' असं ऐकू येतं. त्याला हो कोण म्हणेल? त्याऐवजी कालचा दिवस विचारा: किती वाजता उठलात, बाहेर पडलात का, कोणाशी बोलणं झालं का. अशाच गप्पांत एक आजी सहज बोलून गेल्या की संध्याकाळनंतर त्या पाणीच पीत नाहीत, कारण रात्री अंधारात उठून संडासापर्यंत जायची भीती वाटते. म्हणजे हवा होता एक दिवा आणि भिंतीला धरायला एक दांडा. 'तब्येत: ठीक' या रकान्यात हे कुठे बसणार?

माणूस रोजची कामं स्वतः करू शकतो का, हे तपासायच्या दोन याद्या प्रचलित आहेत. घ्यायच्याच, तर दोन्ही घ्या. अमेरिकी डॉक्टर सिडनी कॅट्झ यांची १९६३ची यादी अंघोळ, कपडे, खाणं अशा सहा मूलभूत कामांची आहे. लॉटन आणि ब्रॉडी या संशोधकांच्या १९६९च्या यादीत फोन, खरेदी, औषधं, पैशांचे व्यवहार अशी आठ कामं येतात. पुष्कळ जण फक्त पहिली यादी वापरतात. पण आधी हातातून निसटतात ती सहसा दुसऱ्या यादीतली कामं. स्वतः कपडे घालणारे आजोबा औषधाच्या गोळ्यांत गोंधळलेले असू शकतात. आणि 'करता येतं का?' एवढ्यावर थांबू नका, 'करता का?' हेही विचारा. पायऱ्या उतरता येणं आणि रोज उतरणं यांत फरक आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सभा बोलावून सभेलाच पाहणी समजणं. सभेला येतात ते चालू शकणारे, ऐकू येणारे, चारचौघांत बोलायची सवय असलेले. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते घरी असतात. सभेत एकच प्रश्न जरूर विचारा: पूर्वी दिसायचे आणि आता दिसत नाहीत, असे कोण? ती नावं घेऊन घरोघरी जा.

घरी गेल्यावर वेगळीच अडचण. प्रश्न आजोबांना आणि उत्तर मुलाचं किंवा सुनेचं! त्यांना गप्प बसवू नका, त्यांचाही जीव मेटाकुटीला आलेला असतो. दोघांनी जा, एकाने त्यांच्याशी बाजूला बसून त्यांच्याच थकव्याबद्दल बोलावं, दुसऱ्याने आजोबांशी. स्मृतिभ्रंशामुळे घरच्यांनीच उत्तरं देणं भाग असेल, तर उत्तर कोणी दिलं ते फॉर्मवर लिहा. हे लिहायचं हमखास राहून जातं.

साठीपुढच्या सगळ्यांना एकाच रकान्यात कोंबू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ची ज्येष्ठस्नेही शहरांची मार्गदर्शिका २२ देशांतल्या ३३ शहरांत लोकांशी बोलून तयार केली. तेव्हा ६० ते ७४ वयाचे आणि ७५च्या पुढचे, असे गट वेगळे बसवले होते. बासष्टच्या माणसाला काम हवं असतं, अठ्ठ्याऐंशीच्या बाईंना जिन्याला कठडा.

बोलताना टीव्ही बंद करायला सांगा, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल असं समोर बसा, ओरडू नका. फॉर्मची अक्षरं मोठी ठेवा.

माहिती जमल्यावर आकडे एकमेकांशी भांडू लागले तर? डॉक्टर म्हणतात पडण्याचा धोका, लोक म्हणतात एकटेपणा, आणि मदतीसाठी आलेले अर्ज भलत्याच गोष्टीचे. यातलं एक खरं मानून बाकीचं पुसू नका. ब्रिटिश समाजधोरण अभ्यासक जोनाथन ब्रॅडशॉ यांनी १९७२ साली गरजांचे चार प्रकार मांडले: तज्ज्ञांनी ठरवलेली, माणसाला जाणवणारी, मागणीतून दिसणारी आणि इतरांशी तुलना केल्यावर कळणारी. चारही वेगवेगळ्या लिहा. एकटेपणा जाणवतो पण त्याची मागणी कोणीच करत नाही, हा विसंवाद म्हणजे माहितीतली चूक नसून तुमच्या हाती लागलेली सगळ्यात कामाची गोष्ट असू शकते.

आणि एक गोष्ट पहिल्या घराची कडी वाजवण्याआधीच ठरवा: कोणाची औषधं संपलेली आढळली, किंवा घरात मारहाण होत असल्याचं कळलं, तर त्याच दिवशी कोणाला कळवायचं. अहवाल तयार व्हायला महिने लागतात, तोवर त्या घराने थांबून चालणार नाही.