कूलर उघडण्यापूर्वी पेचकस आणि स्क्रू यांची तयारी

होळी आटोपली की नागपुरात जिन्याखालचे आणि गच्चीवरचे पत्र्याचे कूलर बाहेर निघतात आणि मोटार पुसण्यासाठी किंवा पंप बदलण्यासाठी ते उघडावे लागतात. हे काम मिस्त्रीला न बोलावता घरीच करायचे असेल, तर पुढील तयारी आदल्या दिवशीच पूर्ण असावी. जुने कपडे घालणे, खाली वर्तमानपत्र अंथरणे, उजेडात बसणे याविषयी काही सांगायला नको.

पेचकस दोन तऱ्हेचे लागतात, चपटा आणि फुलीचा, हे सर्वांना ठाऊक असते. फुलीच्या पेचकसालाही क्रमांक असतात, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते, आणि प्रस्तुत यादी मुख्यतः त्या एका गोष्टीसाठी लिहिली आहे. घरगुती कामांत १ आणि २ हे क्रमांक वारंवार लागतात. साधारणपणे जाड स्क्रूंना २ क्रमांक आणि बारीक स्क्रूंना १ क्रमांक लागतो. चांगल्या पेचकसाच्या दांड्यावर किंवा मुठीवर तो ‘पीएच २’ असा उमटवलेला असतो. १ क्रमांकाचे टोक २ क्रमांकाच्या खाचेत सहज शिरते आणि फसगत नेमकी तेथेच होते, कारण ते शिरते पण कडांना भिडत नाही. जोर लावताच टोक जागच्या जागी फिरते, खाचेच्या कडा सोलल्या जातात आणि उरते ते एक गुळगुळीत डोके, ज्याला कोणताच पेचकस धरत नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या मोटारीच्या पट्टीवर हेच घडले आणि अखेर ते डोके ड्रिलने उडवावे लागले. म्हणून टोक आधी बसवून पाहावे. पेचकस खाचेत सरळ उभा धरून हलकेच डावीउजवीकडे हलवावा. तो डुगडुगला तर टोक लहान आहे, आणि पूर्ण न उतरता वरच राहिला तर मोठे आहे. ही परीक्षा एका स्क्रूवर करून थांबू नये, कारण दरवर्षी कूलर उघडणाऱ्या निरनिराळ्या हातांनी मिळेल तो स्क्रू ठोकून दिलेला असतो आणि एकाच पट्टीवर तीन प्रकारची डोकी आढळतात.

ज्या पेचकसाच्या फुलीच्या धारा झिजून गोल झाल्या आहेत, तो क्रमांक बरोबर असला तरी बाजूला ठेवावा. डबे उघडण्यासाठी वापरला जाणारा घरातील पेचकस बहुधा याच अवस्थेत असतो. नवा घ्यायचा असल्यास इतवारीतील लोहा ओळीत एखादा जुना स्क्रू सोबत घेऊन जावे आणि टोक दुकानातच त्याच्यावर बसवून पाहावे. बारा टोकांच्या स्वस्त संचापेक्षा २ क्रमांकाचा एकच चांगल्या पोलादाचा, जाड मुठीचा पेचकस अधिक उपयोगी ठरतो. मूठ जितकी जाड, तितका वळवण्याचा जोर अधिक मिळतो. दांड्याच्या लांबीने तो वाढत नाही, लांब दांडा केवळ अडचणीच्या जागी पोहोचण्यासाठी असतो.

खाच स्वच्छ असल्याशिवाय टोक बसले की नाही हे कळतच नाही. कूलरच्या स्क्रूंच्या खाचेत रंग, गंज आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा थर साचलेला असतो. तो सुईने किंवा टोकदार खिळ्याने कोरून काढावा, जुन्या टूथब्रशने झाडावा, आणि मग टोक पुन्हा बसवून पाहावे. साफ केलेल्या खाचेत पेचकस आणखी थोडा खोल उतरतो, आणि तेवढ्या खोलीवर सारे अवलंबून असते.

गंजलेल्या स्क्रूंना तेल आदल्या रात्री लावावे. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आटे एकमेकांत घट्ट आवळले जातात. तेलाला त्या फटीत झिरपायला वेळ लागतो. गंज सोडवणारा फवारा मिळाला तर उत्तम, तो नसेल तर पातळ यंत्रतेल चालते. खोबरेल तेल घालू नये, ते पुढे चिकट होते.

विजेच्या बाबतीत केवळ बटण बंद करून भागत नाही, प्लग सॉकेटमधून काढून आपल्या नजरेसमोर ठेवावा. कूलरचा शॉक लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या विदर्भातील वृत्तपत्रांत उन्हाळ्यात येतात आणि त्या वाचूनही लोक ओल्या फरशीवर अनवाणी बसून चालू कूलरमध्ये हात घालतात. पेचकसाला प्लॅस्टिकची मूठ आहे म्हणून तो विजेच्या कामाला सुरक्षित ठरत नाही.

आता प्रत्यक्ष खोलणे. फुलीच्या खाचेची ही रचना अमेरिकेतील हेन्री फिलिप्स यांच्या १९३६च्या पेटंटांमधून पुढे आली. तिच्या भिंती उतरत्या असल्याने टोक आपोआप मध्यभागी बसते, जे कारखान्यातील यांत्रिक जोडणीला सोयीचे होते. परंतु त्याच उतारावरून टोक वर सरकून बाहेरही पडते. यासाठी वळवण्यापेक्षा दाबण्याला अधिक बळ द्यावे, पेचकस स्क्रूच्या अगदी सरळ रेषेत ठेवावा, आणि घट्ट बसलेला स्क्रू प्रथम किंचित आवळून मग सोडवावा, म्हणजे गंजाची पकड मोडते. टोक एकदाही निसटले तर तत्काळ थांबावे. दुसरा झटका मारून पाहण्याचा मोह होतो, पण खाच त्या दुसऱ्या झटक्यातच जाते. क्रमांक तपासावा, खाच पुन्हा कोरावी, टोक पुन्हा बसवून पाहावे. कडा थोड्या सोलल्या असतील तर मध्ये रुंद रबरबँड धरून दाबल्याने कधी कधी पकड मिळते, नेहमी नाही.

निघालेले स्क्रू, वॉशरसह, ज्या भागाचे त्या भागाच्या नावाने वाटीत ठेवावेत. गंजलेले परत लावू नयेत. मोटारीच्या स्क्रूचे आटे आणि पत्र्याच्या स्क्रूचे आटे वेगळे असतात, त्यांची अदलाबदल करू नये.

परत बसवताना पत्र्याचा स्क्रू आधी उलटा फिरवावा. तो जुन्या आट्यात टक् करून बसला की मग आवळावा, अन्यथा नवे आटे पडून छिद्र सैल होते. आट्यांना थोडे ग्रीस लावावे. पट्टीचे सर्व स्क्रू आधी अर्धे आणि नंतर समोरासमोरचे पूर्ण आवळावेत. पत्रा पातळ असतो, जिद्दीने पिळू नये. अर्थिंगची तार पत्र्याला परत जोडलेली आहे हे पाहावे. ताट्या, पाणी, आणि सर्वांत शेवटी कोरड्या हाताने प्लग.