गणपतीला गावी गेलात की आजीचा दंड बघा

घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून टोचणीच्या आणि साथींच्या आठवणी काढून घ्यायच्या असतील तर गणपतीसारखी वेळ नाही, चाकरमानी सगळे आलेले, दुपारची जेवणं आटपून माणसं पडवीत आडवी झालेली, आरतीला अजून टाइम. फोनचा रेकॉर्डर लावा (सांगून लावा हां, लपवून नको) आणि बाजूला ठेवून द्या. पहिलाच प्रश्न लसीचा टाकू नका, "माका काय्येक आठवणा नाय गो" एवढंच मिळेल. आधी दंड दाखव म्हणा.

आमच्या आजीने पोलक्याची बाही वर सरकवली तर दंडावर एकाखाली एक दोन व्रण, चांगले मोठे, पसरट, कडेला बारीक रेषा गेलेल्या. हे देवी या आजाराच्या (स्मॉलपॉक्सच्या) लसीचे. बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा, व्रण बहुतेक एकच असतो, लहान, डाव्या दंडावर, आणि तो नाही दिसला म्हणजे बीसीजी दिलीच नाही असं काही नाही. जग देवीमुक्त झाल्याचं ८ मे १९८० ला जाहीर झालं, त्याच्या आसपास देवी काढणं, म्हणजे ही लस टोचणं, बंदच झालं, त्यामुळे घरात कोणाला देवीचा व्रण आहे आणि कोणाला नाही एवढ्यावरूनही पिढी कळते. व्रणावर बोट ठेवलं की बोलणं आपोआप सुरू होतं, गोल चक्रासारखं काहीतरी दंडावर दाबून फिरवायचे, मग ताप यायचा, खपली धरायची, टोचणारा वाडीत आला की पोरं माडाच्या बागेत पळायची, वगैरे.

साल विचारू नका, कोणालाच आठवत नाही. त्यापेक्षा मोठ्या घटनेला बांधा. रामदास बोट बुडाली (१९४७) त्याच्या आधी की नंतर? कोयनेच्या भूकंपाला (डिसेंबर १९६७) तू शाळेत होतीस का? कोकण रेल्वे सुरू झाली (१९९८) तेव्हा धाकटा किती मोठा होता? आणि मालवण-वेंगुर्ल्याकडे एखादा जुना कागद सापडला आणि त्यावर जिल्हा रत्नागिरी असेल तर तो बहुतेक १ मे १९८१ च्या आधीचा, सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा वेगळा झाला.

आता आजारांचं. "मला देवी आलेल्या" असं कोणी म्हटलं की लगेच लिहून टाकू नका, कारण कांजिण्यांनाही बरीच घरं देवी नाहीतर बाया आल्या असंच म्हणतात. चेहऱ्यावर खड्डे आहेत का बघा. देवीत फोड तोंडावर आणि हातापायांवर जास्त, आणि सगळे एकदमच पिकतात. कांजिण्यांत पाण्याचे फोड, पोटापाठीवर जास्त, जुने सुकताहेत तोवर नवे. गोवरात आधी ताप, सर्दी, डोळे लाल, आणि मग कानामागून नि चेहऱ्यावरून पुरळ खाली उतरतं. गोवराची लस सरकारी कार्यक्रमात १९८५ ला आली आणि तो कार्यक्रम देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत पोचायला १९९० उजाडलं, म्हणजे त्याआधी जन्मलेल्या बऱ्याच जणांना गोवर होऊनच गेलेला असतो. डांग्या खोकला मात्र विचारावा लागत नाही, ज्या बाईने रात्रभर पोर मांडीवर घेऊन ती उबळ ऐकलीय ती स्वतःच तो आवाज काढून दाखवते.

सगळ्यात जपून विचारायचं ते भावंडांचं. "तुम्ही किती जण?" याला उत्तर जिवंत असलेल्यांचंच येतं. थोडं थांबून विचारा, झाली किती? "झाली सात, रवली चार" असं काहीतरी येतं, आणि मग एखादं बारशाच्या आतच गेलेलं, दूध ओढायचं थांबलं, अंग ताठ झालं. हा बऱ्याचदा धनुर्वात असायचा, नाळ कापताना झालेला, आणि म्हणूनच पोटुशी बाईला धनुर्वाताचं इंजेक्शन देतात. पण हे तिथे समजवत बसू नका. तिला गप्प बसायचं असेल तर बसू दे, पुढचा प्रश्न दुसऱ्या दिवशी.

पोलिओचंही तेच. आमच्या भावकीत एका काकांचा पाय बारीक आहे आणि घरचे अजून म्हणतात, ताप आला, कोणीतरी इंजेक्शन दिलं आणि पाय गेला. वाद घालायचा नाही, जसं सांगतात तसं लिहायचं. खाली आपली वेगळी नोंद करा की पोलिओचा विषाणू अंगात असताना इंजेक्शन दिलं तर त्याच अवयवाला लकवा होण्याची शक्यता वाढते, म्हणजे घरचे अगदीच चुकीचं सांगत नाहीयेत, फक्त मूळ आजार पोलिओ. भारतातली नैसर्गिक विषाणूच्या पोलिओची शेवटची केस जानेवारी २०११ ची, हावड्याची, त्यामुळे आजच्या पोरांना त्या काकांच्या पायाचं कारण सांगावंच लागतं. पल्स पोलिओ १९९५ पासून, तेव्हाची मुलं करंगळीला शाई लावलेला रविवार आठवून सांगतात.

ही सगळी आठवण झाली, मेडिकल रेकॉर्ड नाही. स्वतःला कुठली लस लागणार ते डॉक्टरच ठरवणार.

शेवटी ट्रंकेच्या तळाशी लसीकरणाचं कार्ड आहे का बघा. आपल्याकडच्या पावसात बुरशी नाहीतर वाळवी, दोघांपैकी कोणीतरी ते खाणारच, तेव्हा मिळाल्या मिळाल्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून भावंडांच्या ग्रुपवर टाका, आणि फोटोखाली कार्ड कोणाचं ते लिहा, नाहीतर नुसतं "बाळ" एवढंच नाव असतं त्याच्यावर.